शहरात स्वच्छ गाड्यांचं टेस्टिंग अन् सरकार-कंपनीची भागीदारी: गावाकडून नेहमी येणारे प्रश्न

काटोल, आर्वी, वणी, दर्यापूर, लाखनी, विदर्भात सगळीकडून लोकं विचारत असतात की नागपुरात इलेक्ट्रिक बस आली, कुठं हायड्रोजनची आली, कंपनीसोबत करार झाला म्हणे, तर ते नेमकं काय आहे अन् आपल्या गावाला त्याचं काय. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एका जागी लिहून ठेवले. एखाद्या उत्तराचा अर्धा भाग दुसऱ्या प्रश्नात असेल तर तिथं नंबर दिला आहे, तिकडं पाहून घ्या.

१. पीपीपी पीपीपी म्हणतात ते आहे काय? गाडी सरकारची का कंपनीची?

पीपीपी म्हणजे सार्वजनिक-खासगी भागीदारी. आपल्याकडं वावर बटईनं देतात तसंच समजा, जमीन एकाची, मेहनत दुसऱ्याची अन् वाटणी आधी ठरलेली. शहरात महापालिका किंवा एसटी महामंडळ रस्ता, डेपोची जागा, परवानगी देते, कंपनी गाडी, चार्जर, मेंटेनन्स अन् बहुतेक वेळा ड्रायव्हरही आणते, आणि कोणी कोणाला किती द्यायचं ते करारात लिहिलेलं असते. गाडीचं आरसी बुक साधारणपणे कंपनीच्याच नावावर असते, पण बसवर रंग अन् नाव महापालिकेचं असते म्हणून लोकांना ती सरकारी वाटते.

यात सरकारनं काही विकलेलं नसते. अन् नुसती टेंडर काढून गाड्या विकत घेतल्या असंही नसते. जोखीम वाटून घेणं हा याचा गाभा आहे, अन् वाटणी नीट झाली नाही की काय होते ते प्रश्न ५ मध्ये.

२. मग हे टेस्टिंग शहरातच काहून करतात? खेड्यात काहून नाही?

कारण शहरात ते सोपं पडते. सिटी बसचा रूट ठरलेला, दिवसाला १५०-२०० किलोमीटर, रात्री गाडी परत त्याच डेपोत, एका जागी चार्जर लावला की पंधरा-वीस गाड्यांचं काम होते, मेकॅनिक हाताशी, प्रवासी भरपूर, त्यामुळे थोड्या दिवसात भरपूर माहिती गोळा होते. दुसरं म्हणजे पैसाच शहरासाठी येते. केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, १०,००० बस, एकूण अंदाज ५७,६१३ कोटी रुपये, त्यात केंद्राचे २०,००० कोटी, अन् ती मुळात ३ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी आहे. आपल्या तालुक्याच्या गावाची लोकसंख्या तिथं कुठं बसते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की शहरात टेस्ट करा, काही हरकत नाही, पण तिथला निकाल जसाच्या तसा आमच्यावर लावू नका. आमचा रस्ता, आमचं ऊन, आमची वीज वेगळी आहे. खाली जागोजागी हाच मुद्दा येईल.

३. पायलट, ट्रायल अन् योजना, फरक काय यात?

ट्रायल म्हणजे एखाद-दोन गाड्या काही आठवडे-महिने चालवून पाहणं. पायलट म्हणजे थोड्या गाड्या, ठरलेली मुदत, अन् आधीच लिहून ठेवलेले प्रश्न. योजना म्हणजे प्रश्न संपले, आता मोठ्या संख्येनं घ्यायचं.

पायलट कसं असावं याचं मला आवडणारं उदाहरण युरोपचं आहे. २००३ पासून तिथं ९ शहरांत, म्हणजे लंडन, माद्रिद, स्टॉकहोम, हॅम्बुर्ग, पोर्तो वगैरे, प्रत्येकी ३ अशा २७ हायड्रोजन बस चालवल्या. शहरं, बस कंपनी, इंधन कंपन्या अन् युरोपियन युनियनचा पैसा. शहरं मुद्दाम वेगवेगळी होती, कुठं थंडी, कुठं ऊन, कुठं चढउताराचे रस्ते, म्हणजे एकच बस सगळीकडं कशी वागते ते कळावं. आपल्याकडं नेमकं हेच राहून जाते, एका शहरातल्या चांगल्या रस्त्यावर गाडी पळाली की पास.

अन् ट्रायल झाली म्हणजे गाड्या आल्याच असं धरू नका. बेंगळुरूत २०१४ ला तीन महिने इलेक्ट्रिक बसची ट्रायल झाली, करारावरच्या इलेक्ट्रिक बस रस्त्यावर यायला २०२१ उजाडलं.

४. पैसा कोण लावते? तिकिटाचा पैसा कंपनीच्या खिशात जाते का?

सध्या बहुतेक इलेक्ट्रिक बसचे करार जीसीसी पद्धतीचे आहेत, म्हणजे किलोमीटरमागे पैसे. बस कंपनीची, चालवणार कंपनी, अन् महापालिका किंवा महामंडळ तिला दर किलोमीटरला ठरलेला दर देते. तिकिटाचा सगळा पैसा महापालिकेकडं जमा होते.

समजा, नुसतं समजा, दर ६० रुपये अन् बस दिवसाला २०० किलोमीटर धावली, तर कंपनीला १२,००० द्यायचे. तिकिटातून आले ८,०००. राहिलेले ४,००० महापालिकेनं आपल्या तिजोरीतून भरायचे, बस रिकामी धावली तरी भरायचे. त्यात करारात खात्रीचे किलोमीटर लिहिलेले असतात, म्हणजे महापालिकेनं बस कमी चालवली तरी ठराविक किलोमीटरचे पैसे कंपनीला मिळतातच. कंपनीला हे सोयीचं आहे कारण बस महाग असते, बँकेचा हप्ता चालू असते, अन् प्रवासी किती येतील हे तिच्या हातात नसते. पण महापालिकेकडं पैसा नसला की सगळं इथंच अडते.

म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं ३,४३५ कोटींची पेमेंट सिक्युरिटी व्यवस्था मंजूर केली. महापालिकेनं बिल थकवलं तर त्या फंडातून कंपनीला पैसे देतात अन् नंतर ते राज्याकडून वसूल करतात. कोरडा विषय आहे, पण नव्या बसच्या फोटोपेक्षा हा कागद महत्त्वाचा आहे, का ते पुढच्या प्रश्नात.

५. नागपुरात इथेनॉलवरच्या हिरव्या बस होत्या ना? आम्ही बसलो होतो त्यात. कुठं गेल्या त्या?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येते, म्हणून जरा मोठं लिहितो.

ऑगस्ट २०१४ मध्ये नागपुरात स्कॅनिया कंपनीची इथेनॉलवर चालणारी बस ट्रायलसाठी आली, देशात असं पहिल्यांदाच होत होतं. इंधन ईडी-९५, म्हणजे ९५ टक्के इथेनॉल अन् बाकी ते डिझेलसारख्या इंजिनात पेटावं म्हणून टाकलेली रसायनं. धूर जवळपास नाही. ट्रायलनंतर महापालिकेसोबत करार होऊन ५५ बसचं ठरलं, पण ठरलेल्या सगळ्या काही रस्त्यावर आल्या नाहीत, अन् ऑगस्ट २०१८ मध्ये होत्या त्याही बंद झाल्या.

इंजिन खराब निघालं म्हणून बंद झाल्या का? नाही. भांडण थकलेल्या बिलांचं, एस्क्रो खात्याचं, डेपोच्या सोयीचं होतं. एस्क्रो म्हणजे असं वेगळं बँक खातं, ज्यात तिकिटाचा पैसा आधी जमा होते अन् त्यातून कंपनीचं बिल पहिले निघते. हे खातं वेळेवर अन् पक्कं उभं राहिलं असतं तर कंपनीला भरोसा राहिला असता. शिवाय एसी बस, तिकीट साध्या बसपेक्षा महाग, त्यामुळे गर्दीही पाहिजे तशी मिळाली नाही, म्हणजे तूट वाढली, म्हणजे बिलं अजून थकली. एकात एक अडकत गेलं.

मला याचं खरंच वाईट वाटते. इथेनॉल शेतमालातून येते, म्हणजे हा प्रयोग जमला असता तर शहराच्या बसचं इंधन शेतकऱ्याच्या वावरातून गेलं असतं. टेक्निकल टेस्टमध्ये पास झालेली गाडी हिशोबाच्या टेस्टमध्ये नापास झाली. तेव्हापासून कोणी नवं पायलट सांगितलं की मी पहिले विचारतो, बिल कुठून निघणार आहे, खातं कोणतं, किती दिवसात निघणार.

६. आणि त्या ओलाच्या इलेक्ट्रिक टॅक्स्या?

मे २०१७ मध्ये नागपुरातच सुरू झालं होतं ते. केंद्र सरकार, राज्य सरकार, ओला अन् महिंद्रा यांनी मिळून. टॅक्सी, ई-रिक्षा, बस मिळून साधारण २०० गाड्यांचा ताफा, शहरात चार ठिकाणी ५० च्या वर चार्जिंग पॉइंट. कागदावर हिशोब बरोबर वाटतो.

पण टॅक्सीवाल्याचा दिवस कसा असतो ते पहा. सकाळी सगळे सोबत निघतात, दुपारी सगळ्यांच्या बॅटऱ्या सोबतच उतरतात, अन् चार जागांवर सगळेच पोचतात. रांगा लागल्या, ड्रायव्हरचे तासन् तास वाया जाऊ लागले, एका ठिकाणी रांगेनं रस्ता अडतो म्हणून आजूबाजूच्या रहिवाशांनी तक्रारी केल्या. उन्हाळ्यात एसी लावला की एका चार्जमध्ये गाडी अजून कमी चालते. कमाई बुडायला लागली तशी बऱ्याच ड्रायव्हरनी गाड्या परत करून डिझेल-पेट्रोल मागितलं, वर्षभरातच.

मी याला फुकट गेलेला प्रयोग म्हणत नाही. यातून कळलं की चार्जर किती आहेत त्यापेक्षा दुपारी २ वाजता मोकळे किती आहेत हे मोजायला पाहिजे, अन् जोखीम सगळ्यात गरीब माणसावर, म्हणजे ड्रायव्हरवर, टाकली की तो पहिले सोडून जातो. फक्त हे सगळं आपल्याला बातम्यांमधून कळलं, त्याचा नीट मराठी अहवाल लोकांच्या हातात आला असता तर पुढच्या शहराला त्याच चुका कराव्या लागल्या नसत्या.

७. बाहेरच्या देशात कुठं जमलं आहे का हे, का सगळीकडं असंच?

जमलं आहे ना. चीनमध्ये २००९ ला सरकारनं निवडक शहरांत टेस्टिंगचा मोठा कार्यक्रम काढला, त्यात शेनझेन होतं. २०१७ संपेपर्यंत तिथल्या सगळ्या, १६ हजारांवर, बस इलेक्ट्रिक झाल्या. बस महाग म्हणून त्यांनी ती एकरकमी घेतली नाही, लीजवर घेतली, अन् चार्जिंगचं काम वेगळ्या कंपनीकडं दिलं, म्हणजे ज्याला जे येते ते त्यानं करायचं. सरकारची सबसिडी मात्र भरपूर होती, ते विसरून तुलना करू नये.

चिलीच्या सँतियागो शहरात २०१७ ला दोन बसची ट्रायल, २०१८ च्या डिसेंबरात पहिल्या १०० बस. तिथं बस विजेच्या कंपनीनं विकत घेऊन बस चालवणाऱ्याला लीजवर दिल्या अन् चार्जिंगचा डेपोही तिनंच उभा केला. हप्त्याचा पैसा वाहतूक व्यवस्थेच्या खात्यातून आधी निघतो, त्यामुळे बिल थकायचा प्रश्न आला नाही. नागपूरच्या प्रश्नाशी, म्हणजे प्रश्न ५ शी, हे लावून पहा.

अडकल्याचं उदाहरण पॅरिसचं, ते प्रश्न १३ मध्ये.

८. वीज तर आपल्या चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाचीच. मग गाडी स्वच्छ कशी झाली बाप्पा?

लय चांगला प्रश्न आहे अन् याचं उत्तर कोणी धड देत नाही. ढोबळ हिशोब करू.

आपल्या देशाच्या ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या जाळ्यात, एक युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. १२ मीटरची एसी इलेक्ट्रिक बस किलोमीटरला साधारण १.२ युनिट खाते, म्हणजे ०.८४ किलो. डिझेल लिटरमागे सुमारे २.७ किलो सोडते. शहरातली एसी डिझेल बस लिटरला पावणेतीन किलोमीटर देत असेल तर झाले जवळपास १ किलो. म्हणजे फायदा आहे, पण थोडा. आणि साध्या बिनएसी लाल एसटीशी तुलना केली, जी लिटरला साडेचार जाते, तर ती ०.६ वरच येते, म्हणजे आजच्या विजेवर कार्बनचा फायदा दिसतच नाही. दुचाकीचं वेगळं आहे, इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला ३०-३५ वॅट-तास खाते, म्हणजे पेट्रोलच्या गाडीच्या निम्म्यावर.

मग बस कशाला? कारण कार्बन अन् धूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिझेलचा काळा धूर सिग्नलवर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जाते, तो पहिल्या दिवसापासून बंद होते. अन् ग्रिडमध्ये सोलर वाढेल तसा कार्बनचा हिशोब दरवर्षी सुधारते, डिझेल बसचा तसा सुधारत नाही.

पण आपल्या बाजूनं एक गोष्ट ठासून सांगायला पाहिजे. शहराचा धूर कमी होते तेव्हा विजेचा भार कुठल्यातरी चिमणीवर जाते, अन् त्या चिमण्या आपल्या विदर्भात आहेत, चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा. राख आपल्या घरावर पडते. म्हणून पायलटच्या करारात दुपारी, सोलर वीज जास्त असते तेव्हा, किती चार्जिंग केलं याचा आकडा मागायला पाहिजे. बस दुपारी ११ ते ३ मध्ये डेपोत आळीपाळीनं लावता येते, गर्दीही तेव्हा कमी असते. पण बहुतेक ठिकाणी सगळ्या गाड्या रात्री लावतात, अन् रात्रीची वीज म्हणजे कोळसा.

९. आपल्या ४५-४६ डिग्रीत बॅटरी टिकते का? टेस्टमध्ये ऊन धरतात का?

लिथियम बॅटरीला साधारण १५ ते ३५ डिग्रीत बरं वाटते. त्याच्या वर, त्यातही उन्हात उभ्या असलेल्या गरम गाडीला लगेच फास्ट चार्जिंग लावलं, की बॅटरीचं आयुष्य लवकर कमी होते. बसमध्ये बॅटरी थंड ठेवायची वेगळी सिस्टिम असते, ती स्वतःच वीज खाते, वरून प्रवाशांचा एसी, त्यामुळे मे महिन्यात एका चार्जमधले किलोमीटर घटतात. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, प्रकारची बॅटरी उष्णतेला जास्त सोसते, म्हणून आपल्याकडं तीच बरी. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात स्कूटर पेटल्या, त्यानंतर एआयएस-१५६ हा सुरक्षेचा नियम डिसेंबर २०२२ अन् मार्च २०२३ असा दोन टप्प्यांत कडक झाला.

गाडी बाजारात यायच्या आधी एआरएआय, आयकॅट अशा गाड्या तपासणाऱ्या संस्थांकडून टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलची मंजुरी, लागतेच. पण ती गाडीची परीक्षा झाली, आपल्या रूटची नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की विदर्भातलं पायलट नोव्हेंबरात सुरू होऊन फेब्रुवारीत संपलं असेल तर तो निकाल धरूच नये. एप्रिल-मे त्यात आलाच पाहिजे, अन् काळ्या मातीच्या भागातला जुलैही.

१०. एसटीच्या इलेक्ट्रिक बस आमच्या गावापर्यंत कधी येतील?

एसटीची पहिली इलेक्ट्रिक बस, शिवाई, १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर धावली, १९४८ ला एसटीची पहिली गाडी धावली होती त्याच मार्गावर. पुढं ५,१५० इलेक्ट्रिक बस भाड्यानं घ्यायचा करार झाला, पण बस यायचं काम वेळापत्रकाच्या फार मागं पडलं. ज्या येतात त्या आधी मोठ्या शहरांमधल्या मार्गांवर जातात.

गावापर्यंत का येत नाही त्याचं खरं कारण मुक्कामी गाडी आहे. संध्याकाळची शेवटची बस गावात येते, ग्रामपंचायतीसमोर किंवा देवळाजवळ लागते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, अन् पहाटे तीच गाडी शाळेची पोरं, दवाखान्याचे पेशंट, दुधाचे कॅन घेऊन तालुक्याला निघते. इलेक्ट्रिक बस रात्रभर तिथं उभी राहिली तर चार्ज कुठं होणार? बसचा फास्ट चार्जर १२० ते २४० किलोवॅटचा असते. आपल्या गावातला डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ६३ नाहीतर १०० केव्हीएचा, त्यावर आधीच घरं, चक्की, पाण्याची मोटर. म्हणजे एकटा चार्जर अख्ख्या गावाच्या डीपीपेक्षा मोठा. त्याला ११ केव्हीची लाइन अन् वेगळा ट्रान्सफॉर्मर लागते.

रात्री ८-९ तास गाडी उभीच आहे, तर ३० किलोवॅटचा छोटा चार्जरही पुरू शकते, गाडी छोटी असली तर अजून सोपं. हे करून पाहण्यासारखं आहे. पण कोणत्याही शहरी पायलटमध्ये हा प्रश्न येतच नाही, कारण शहरात मुक्कामी गाडी नसते. एखाद्या डेपोनं दोन मुक्कामी गाड्यांवर वर्षभर हे टेस्ट केलं तर शहरातल्या शंभर बसच्या टेस्टपेक्षा आपल्याला जास्त कळेल, असं मी मनापासून सांगतो.

११. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं), तणस यापासून गॅस अन् इंधन करून राहिले म्हणे. शेतकऱ्याले यात घुसता येते का?

येते, पण कशात घुसायचं ते पाहून. केंद्राची 'सतत' (SATAT) नावाची योजना ऑक्टोबर २०१८ ची, त्यात खासगी लोकांनी कॉम्प्रेस्ड बायोगॅसचे प्लांट लावायचे अन् सरकारी तेल कंपन्यांनी गॅस विकत घ्यायचा, ही पण एक भागीदारीच. २०२१ च्या फेब्रुवारीत सीएनजीवर बदललेला ट्रॅक्टरही दाखवला होता. भंडारा-गोंदियाकडचं धानाचं तणस गॅसच्या प्लांटमध्ये प्रक्रिया करून चालते. पऱ्हाटी मात्र लाकडासारखी कडक, तिच्यात लिग्निन जास्त, त्यातून गॅस कमी निघते, म्हणून तिचा उपयोग जास्त करून ब्रिकेट अन् पेलेटमध्ये, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या-गोळ्यांमध्ये, होते. बोंडअळी वाढू नये म्हणून पऱ्हाटी वेळेवर उपटून वावराबाहेर काढायचीच असते, तर विकणं कधीही बरं.

सही करायच्या आधी विचारा: भाव कोणत्या ओलाव्यावर, वाहतूक कोणाची, अन् प्लांट महिनाभर बंद राहिला तर माल कोण उचलणार. इथेनॉलचं पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रण देशात २०२५ ला गाठलं, तो बाजार मोठा आहे, पण बस पूर्ण इथेनॉलवर चालवायची गोष्ट वेगळी, ती प्रश्न ५ मध्ये वाचा.

१२. हायड्रोजन बसचं काय? आपल्याकडं येईल का?

अजून लांब आहे. लेहमध्ये एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीनं हायड्रोजन बस नेल्या, अन् मार्च २०२५ मध्ये केंद्रानं देशात ५ पायलट प्रकल्प मंजूर केले, ३७ बस-ट्रक, ९ इंधन स्टेशनं, सुमारे २०८ कोटींची मदत, त्यात खासगी वाहन कंपन्या अन् सरकारी तेल कंपन्या दोन्ही आहेत. त्याचे निकाल येऊ द्या. लांबच्या जड ट्रकसाठी याचा उपयोग होऊ शकते, गावच्या बससाठी सध्या तरी याच्या मागं लागू नये.

१३. पायलट मध्येच बंद पडलं तर चार्जर, डेपो, गाड्या कोणाच्या?

करारातल्या बाहेर पडण्याच्या कलमावर आहे ते. साधारण असं असते की जमीन महापालिकेची, बस कंपनीची, अन् डेपोपर्यंतची ११ केव्ही लाइन वीज कंपनीच्या ताब्यात. वाद होते तो चार्जरचा. दुसऱ्या कंपनीच्या गाडीला जुन्या चार्जरचा प्लग बसला नाही किंवा सॉफ्टवेअर चाललं नाही तर तो नुसता खांब राहते. म्हणून करारातच लिहून घ्यायला पाहिजे की चार्जर सर्वमान्य प्लगचा असेल अन् मुदत संपल्यावर तो ठरलेल्या किमतीत महापालिकेला घेता येईल.

पॅरिसमध्ये ऑटोलिब नावानं भाड्याच्या इलेक्ट्रिक कारची सेवा डिसेंबर २०११ ला सुरू झाली, खासगी कंपनी अन् शंभरच्या आसपास नगरपालिका, गाड्या चार हजारांच्या घरात. तोटा वाढला, तो कोणी भरायचा यावर भांडण झालं अन् जुलै २०१८ मध्ये सेवा बंद. लोकं वापरत होती तरी बंद. तोटा ठराविक रकमेच्या वर गेला की कोण किती भरेल, हे पहिल्या दिवशी सगळ्यांना मान्य होईल असं ठरायला पाहिजे, नंतर ते ठरत नाही.

अन् गाडी किती धावली, किती बिघडली, ही माहिती कोणाची? ती पण करारात महापालिकेच्या नावानं पाहिजे. कंपनी गेली अन् माहितीही घेऊन गेली तर टेस्ट झालीच नाही असं समजा.

१४. भाचा एसटीत ड्रायव्हर आहे. हे सगळं आलं तर त्याची नोकरी जाईल का?

कायम कर्मचाऱ्याची नोकरी पायलटमुळे थेट जात नाही, पण नव्या भरतीत ड्रायव्हर कंपनीचे असतात, कंडक्टर बहुतेक महामंडळाचा. कंपनीच्या ड्रायव्हरचा पगार अन् सुट्ट्या वेगळ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत बेस्टच्या भाड्याच्या बसचे कंत्राटी ड्रायव्हर पगारासाठी संपावर गेले अन् लोकांचे हाल झाले. किलोमीटरचा दर खाली पाडून पाडून करार केला की तो शेवटी ड्रायव्हरच्या पगारातून निघतो. भाच्याला हाय व्होल्टेज सुरक्षेचं ट्रेनिंग मिळत असेल तर त्यानं नक्की घ्यावं.

१५. तिकीट वाढते का?

जीसीसी करारात तिकीट कंपनी ठरवत नाही, परिवहन प्राधिकरण, महापालिका किंवा महामंडळाच्या पातळीवर ठरते. एसी बस आली की जास्त ठेवतात, तो वेगळा निर्णय असते. हिशोब प्रश्न ४ मध्ये.

१६. मी स्वतः इलेक्ट्रिक ऑटो घेऊन तालुक्याला चालवतो म्हटलं, तर परमिट लागते का?

केंद्रानं ऑक्टोबर २०१८ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या, तसंच इथेनॉल-मिथेनॉलच्या व्यावसायिक गाड्यांना परमिटमधून सूट दिली. पण रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, लायसन्स, फिटनेस हे सगळं लागतेच, अन् कोणत्या रस्त्यावर कोणत्या गाडीला बंदी आहे ते स्थानिक आरटीओला विचारा. ई-रिक्षा अन् ई-ऑटो यात गोंधळ करू नका, ई-रिक्षाचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नसते अन् चारच प्रवासी, ती हायवेवर धोक्याची आहे.

स्वस्तातली ई-रिक्षा लेड-अॅसिड बॅटरीची असते. रात्री टिनाच्या शेडमध्ये सीट वर उचलून ती चार्जिंगला लावतात, बाजूला डिस्टिल्ड वॉटरची कॅन, अन् व्होल्टेज पडलं की चार्जरचा पंखा हळू होते अन् सकाळी बॅटरी अर्धीच भरलेली. हिशोब करताना दोन वर्षाच्या आत बॅटरी बदलायचा खर्च धरूनच चाला.

१७. टेस्टिंगच्या गाडीनं कोणाला उडवलं तर भरपाई कोण देणार? "ती तर टेस्टची गाडी होती" असं म्हणतील ना?

तसं म्हणता येत नाही. रस्त्यावर प्रवासी घेऊन चालणाऱ्या गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स मोटार वाहन कायद्यानं बंधनकारक आहे, पायलट असो की नसो. दावा नेहमीसारखा मोटार अपघात न्यायाधिकरणात लागतो. गाडीचा मालक कोण हे आरसीवरून पाहायचं, बसवरच्या नावावरून नाही, हे प्रश्न १ मध्ये सांगितलंच आहे. दावा लावताना मालक, इन्शुरन्स कंपनी अन् महापालिका तिघांनाही पार्टी करायचं का ते वकिलाला नक्की विचारा.

१८. कराराची कागदं आपल्याला पाहायला मिळतात का? कंपनी म्हणते ते गोपनीय आहे.

माहिती अधिकारात अर्ज महापालिकेला किंवा महामंडळाला करायचा, कंपनीला नाही. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला माफ, ३० दिवसात उत्तर. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा अन् १५० शब्दांच्या आत पाहिजे, त्यामुळे गोष्ट लिहीत बसू नका. असं मागा: करारनामा, महिन्याला धावलेले किलोमीटर, दिलेली बिलं अन् तारखा, बिघाडाची नोंद, अंतिम अहवाल.

व्यापारी गुपित म्हणून कलम ८ मध्ये काही माहिती नाकारता येते, पण व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागते, अन् जनतेच्या पैशातून किती बिल दिलं हे गुपित कसं असेल. नाकारलं तर ३० दिवसात पहिलं अपील करा.

१९. आमच्या नगर परिषदेला किंवा ग्रामपंचायतीला स्वतःचं छोटं पायलट करता येते का? का ते मोठ्या शहराचंच काम?

बस नको, घंटागाडीपासून करा. घंटागाडी रोज तोच रूट फिरते, वेग कमी, दिवसाचं अंतर थोडं, दुपारपर्यंत परत नगर परिषदेच्या आवारात उभी. इलेक्ट्रिक गाडीच्या टेस्टिंगसाठी यापेक्षा चांगलं काम नाही, अन् आवारात साधा चार्जर पुरते, वर सोलर पॅनल लावले तर प्रश्न ८ चाही निकाल लागते.

करार करताना गाडी विकत घेण्यापेक्षा एका वर्षासाठी दिवसाच्या भाड्यानं घ्या, बॅटरी कंपनीची जबाबदारी ठेवा, गाडी बंद राहिली त्या दिवसाचं भाडं नाही असं लिहा, अन् एक जुनी डिझेल गाडी त्याच वॉर्डात सोबत चालू ठेवा, म्हणजे तुलना करता येईल. चालवणाऱ्या माणसानं रोज वहीत चार आकडे लिहायचे: किलोमीटर, युनिट, बंद असलेले तास, अन् त्या दिवशीचं ऊन. वर्ष संपलं की ती वही आमसभेत किंवा ग्रामसभेत वाचून दाखवायची. चार्जिंगसाठी महावितरणकडं ईव्हीचा वेगळा दर आहे, मीटर वेगळं घ्या, नाहीतर ऑफिसच्या बिलात सगळं मिसळून जाईल अन् गाडीनं किती वीज खाल्ली ते कोणालाच सांगता येणार नाही.